रूर नदीच्या मुळाकडे: कॅरॅव्हॅन, मोन्शाउ आणि दिवसभराचा पाऊस

नदीकाठची | सोमवार, रात्री ९:४०

आम्ही नेदरलँड्समधल्या रूरमोंडला राहतो. गावाच्या नावातच नदी आहे, रूरचं मुख. इथे रूर मास नदीला मिळते. (कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेली जर्मनीतली रूर वेगळी, ती ऱ्हाईनला मिळते. नावं ऐकायला सारखी, त्यामुळे नेहमी घोटाळा होतो.)

सप्टेंबरात आई आली. आईचं माहेर म्हसवड. माणगंगेच्या काठावर वाढलेली, म्हणजे बहुतेक वर्षं नदीचं कोरडं पात्रच बघितलेली. इथे आल्यापासून रोज सकाळी शाल गुंडाळून नदीवर जाऊन उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "ऋषीचं कूळ आन् नदीचं मूळ इचारू नये म्हणत्यात. पन ही येती कुठनं गं, एवढं पानी घेऊन?"

ऑक्टोबरात लेकीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते. ठरवलं, कॅरॅव्हॅन जोडायची आणि नदीच्या उलट्या दिशेनं निघायचं. रूरची लांबी साधारण १६५ किलोमीटर. बेल्जियममधल्या होहेस फेन नावाच्या दलदलीच्या पठारावर ती उगम पावते, मग जर्मनीतून वाहत आमच्याकडे येते. पठारावरून खाली उतरली की तिच्या काठावरचं पहिलं जुनं शहर म्हणजे मोन्शाउ.

पोचलो त्या रात्रीच पाऊस लागला. कॅरॅव्हॅनच्या छपरावर पाऊस पडतो तो आवाज पत्र्याच्या घरासारखाच असतो. आईला त्यात गाढ झोप लागली. आम्हाला मात्र पहाटे कळलं की छताची खिडकी एक खाच उघडी राहिली होती आणि लेकीच्या गादीचा कोपरा चिंब झाला होता. आईनं काही न बोलता तिच्या बॅगेतून घोंगडी काढली आणि लेकीला त्यात गुंडाळलं. विमानात सामानाचं वजन जास्त होतंय म्हणून मी तिला ती घोंगडी घरी ठेवायला सांगितली होती. बरं झालं, तिनं ऐकलं नाही.

थोड्या वेळानं तीच घोंगडी दुमडून तिनं डोक्यावरून खोळ घेतली आणि पाण्याचा कॅन घेऊन नळावर गेली. ज्यांनी माणदेशात, नगरकडे मेंढरांमागे चालणारी माणसं पावसात बघितलीत त्यांना ती खोळ डोळ्यांसमोर येईल. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या डच आजीबाई छत्री घेऊन बाहेर आल्या, घोंगडीला हात लावून बघितला, वरून ओघळणारे थेंब बघितले आणि मला विचारलं, "हे कशाचं आहे?" मी म्हटलं, लोकरीचं, हातमागावरचं, माझ्या आजोबांच्या घरी विणलेलं. आईचे वडील सनगर, म्हणजे घोंगड्या विणणारे. घरात खड्ड्याचा माग होता. हे मी त्या बाईंना सांगत होते तेव्हा मला कल्पनाही नव्हती की दिवसभर आमचं बोलणं लोकरीभोवतीच फिरणार आहे.

पाऊस थांबायची वाट बघत बसलो असतो तर सगळी सुट्टी गेली असती. दहा वाजता चौघंही निघालो. खाली शहरात जायला चालत पाऊण तास.

मोन्शाउ अरुंद घळीत वसलंय. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधे नदी, आणि नदीला खेटून घरं. काळ्या लाकडाची चौकट आणि मधे पांढऱ्या भिंती असलेली घरं आहेत, छपरं काळ्या पाटीच्या दगडाची. काही घरांच्या पावसाकडच्या भिंतींनाही तीच पाटी लावलेली. कोरड्या दिवसात ती पाटी करडी दिसत असेल, पावसात ती निळसर काळी होऊन चमकत होती. गल्ल्यांत माणसं तुरळक. नदीचा आवाज मात्र सगळ्या गावात, कुठेही जा, पाठ सोडत नाही. पुलावर उभं राहून आई म्हणाली, "पानी चहावानी हाय." खरंच, स्वच्छ पण तपकिरी. वरच्या दलदलीत हजारो वर्षं साठलेल्या शेवाळाच्या थरांतून झिरपून येतं, त्याचा हा रंग.

पाऊस चुकवायला म्हणून आम्ही लाल घरात शिरलो. 'रोटेस हाउस' म्हणतात त्याला. १८व्या शतकाच्या मध्यात योहान हाइनरिश शाइब्लर या कापड व्यापाऱ्यानं बांधलेला वाडाच तो. मोन्शाउचं तलम लोकरी कापड त्या काळी युरोपभर जायचं. लोकर यायची थेट स्पेनहून, मेरिनो मेंढ्यांची. कातणारे-विणणारे हात आसपासच्या खेड्यांतले. आणि लोकर धुवायची ती या घराच्या तळघरात. लाउफेनबाख नावाचा ओढा घराखालून वाहतो, तो घरापाशीच रूरला मिळतो.

आत शिरल्यावर समोर जिना आहे. ओक लाकडाचा, गोल फिरत वर जाणारा, मधे खांबाचा आधार नसलेला. त्याच्या कठड्यावर २१ कोरीव चित्रं आहेत. त्यांत गुटगुटीत बाळं कापड तयार करतायत. लोकरीपासून सुरुवात, आणि एकेक काम करत शेवटी तयार कापड.

मी आईला माहिती वाचून दाखवायला लागले. तिनं मला थांबवलं. "थांब, मला वळखू दे." आणि ती एकेका चित्रापुढे उभी राहून सांगायला लागली. हे धुत्यात. हे पिंजत्यात. हे सूत काततंय बघ. हा माग. मधल्या एक-दोन चित्रांपाशी अडली, ती आमच्याकडे नसलेली कामं: विणलेलं कापड पाण्यात कुटून आटवायचं, मग वरची लव उभी करून मोठ्या कात्रीनं सारखी छाटायची. ते समजावून सांगितल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. सत्तरीची बाई, शाळा चौथीपर्यंत, जर्मनचा एक शब्द येत नाही. पण तो जिना तिनं पुस्तक वाचावं तसा वाचला. माझी लेक तिच्या मागे मागे. तिला तिच्या पणजोबांचा धंदा काय होता ते जर्मनीतल्या एका जिन्यावर कळलं.

उतरताना आई एवढंच म्हणाली, "पोरं लई गोंडस काढल्यात. पन मागाव बसनाऱ्याचं पाय सुजत्यात, कंबर जाती. ते हितं न्हाई."

मला ते पटलं. तो जिना मालकाच्या घरातला आहे. त्यात कष्ट नाहीत, फक्त कौशल्य आहे. तरी शाइब्लरनं आपल्या घरातली सगळ्यात देखणी जागा राजे-देवांना न देता लोकर धुण्याला आणि सूत कातण्याला दिली, ही गोष्ट मला मोठी वाटते. आपल्याकडे कुठल्या वाड्याच्या तुळईवर मागाचं चित्र बघितल्याचं मला आठवत नाही. कुणी बघितलं असेल तर जरूर सांगा.

बाहेर आलो तर पाऊस तसाच. पण आता तो वेगळा दिसत होता. या गावात एवढा पाऊस पडतो म्हणूनच इथे लोकरीचा धंदा झाला. इतकं पाणी, तेही बिनक्षाराचं, बारा महिने. उन्हातल्या मोन्शाउचे फोटो सुंदर असतात, पण गाव समजायचं असेल तर पावसातच जावं, असं माझं ठाम मत झालंय.

आणखीही लिहायचंय. तुम्ही कुणी गेला असाल तर तुमचेही अनुभव येऊ द्या.

चाकावरचं घर | सोमवार, रात्री १०:२५

आईंना नमस्कार सांगा. खोळीचं वाचून अंगावर काटा आला.

आम्ही यंदाच जुनी कॅरॅव्हॅन घेतलीय, अजून एकदाही पावसात गेलो नाही. जरा व्यवहाराचं विचारते. परवाना कुठला लागतो? चिखलाचं काय करता? आणि आत सगळं दमट होत नाही का?

नदीकाठची | सोमवार, रात्री ११:०५

परवान्याचं आधी बघून घ्या. साध्या बी परवान्यावर गाडी आणि कॅरॅव्हॅन यांचं कागदावरचं कमाल वजन मिळून ३५०० किलोपर्यंत चालतं. त्यावर ४२५० पर्यंत जायचं तर बी-९६ करावं लागतं. प्रत्यक्ष वजन नाही, कागदावरचं धरतात. जर्मनीत कॅरॅव्हॅन ओढताना ताशी ८० ची मर्यादा. महामार्गावर १०० नं जायचं तर वेगळी मंजुरी आणि मागे स्टिकर लागतो, आणि कॅरॅव्हॅनचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत.

विजेचं: बऱ्याच तळांवर ६ अँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. पावसात हीटर चालू असताना किटली लावली की फ्यूज गेलाच. आम्ही चहा गॅसवरच करतो.

दमटपणा होतोच. चार माणसांचा श्वास आणि ओले कपडे. कितीही थंडी असली तरी एक खिडकी किंचित उघडी ठेवायची (छताची नव्हे, बाजूची!), आणि ओले जॅकेट-बूट आत आणायचेच नाहीत, पुढच्या तंबूत ठेवायचे. त्या तंबूचा एक कोपरा मुद्दाम खाली ओढून बांधा, म्हणजे पाणी एका बाजूनं ओघळून जातं. नाहीतर मधे पोट धरतं आणि दांड्या वाकतात.

चिखलाची आम्हाला चांगलीच अद्दल घडली. बुकिंग करताना खडीची जागा मागितली होती, पोचल्यावर गवताची दिली. निघायच्या दिवशी डावं चाक अर्धं रुतलं. गाडी जितकी रेटावी तितकं ते खोल जायला लागलं. शेवटी त्याच डच आजी-आजोबांनी त्यांच्या लाकडी फळ्या आणल्या, आईनं आणि आजींनी मिळून चाकाखाली पालापाचोळा दाबला, आम्ही तिघांनी मागून ढकललं. निघाली. तळाच्या माणसांकडे ट्रॅक्टर होता म्हणे, पण कार्यालय दुपारी उघडणार होतं. तेव्हा दोन फळ्या कायम बरोबर ठेवा.

रंगखातं | मंगळवार, सकाळी ७:५०

मी इचलकरंजीत प्रोसेसिंगमध्ये आहे, पंचवीस वर्षं कापड रंगवतोय. तुम्ही बिनक्षाराचं पाणी म्हणालात ते वाचून राहवलं नाही.

पाण्यात चुना, मॅग्नेशियम असलं की साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो धाग्यावर बसतो. लोकरीला आधीच मेणचट चरबी असते, ती काढायला साबण लागतोच. म्हणजे जड पाण्यात लोकर धुवा, चरबी निघायच्या ऐवजी साका चढणार. मग रंग सारखा चढत नाही, डाग-पट्टे पडतात. आम्ही आज यंत्र लावून पाणी मऊ करून घेतो, त्यावर वेगळा खर्च. त्यांना ते निसर्गानं दिलं. दलदलीच्या शेवाळातून आलेलं पाणी किंचित आंबट असतं, चुना जवळपास नाहीच. लोकर रंगवायला थोडं आंबट पाणी उलट चांगलंच.

शाइब्लर हे नाव मी आधी ऐकलेलं आहे, पण पोलंडच्या संदर्भात. वूच शहरात ज्यानं प्रचंड सूतगिरण्या उभ्या केल्या तो कार्ल शाइब्लर १८२० साली मोन्शाउमध्येच जन्मलेला. म्हणजे या घराण्याचं कापड मोन्शाउत संपलं आणि वूचमध्ये पुन्हा सुरू झालं, या वेळी लोकर नव्हे, सूत. तिकडे कोळसा आणि वाफ. घळीतल्या ओढ्याची ताकद तिथे पुरी पडली नसती.

नदीकाठची | मंगळवार, सकाळी ८:३०

हे मला माहीत नव्हतं! आता लक्षात येतं, गाव एवढं जुनं कसं राहिलं. धंदा गेला, पैसा गेला, पाडून नवं बांधायची ऐपत राहिली नाही. म्हणून ती घरं उरली.

आईचा एक प्रश्न आहे तुमच्यासाठी. आमच्याकडे घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे आणि अंगणात ताणा पसरून कुंच्यानं खळ द्यायची. खळ नसली तर मागावर धागा तुटतो. ती परतीच्या वाटेवर विचारत होती, "हितं चिंच न्हाई. मग ह्यांनी खळ कशाची लावली असंल?"

रंगखातं | मंगळवार, सकाळी ८:४५

कामावर निघालोय. रात्री नीट लिहितो.

शंका | मंगळवार, दुपारी १:१५

लेख मनापासून आवडला, पण शेवटचं मत पटलं नाही. आम्ही कोलोनहून एक दिवसासाठी गेलो होतो, तोही पावसात, बरोबर अडीच वर्षांचा मुलगा आणि बाबागाडी. दगडी फरसबंदी इतकी निसरडी होती की मी एकदा पडले. चाकं दगडांत अडकत होती. चढ-उतार सतत. कोरडं बसायला जागा म्हणजे कॅफे, आणि शनिवार असल्यानं सगळे भरलेले. दोन तासांत परत फिरलो. तुमच्याकडे सबंध आठवडा होता, कॅरॅव्हॅन जवळ होती, आई होत्या. सगळ्यांना पावसात जा असं सांगू नये.

नदीकाठची | मंगळवार, दुपारी २:००

तुमचं म्हणणं बरोबर आहे. बाबागाडी तिथे चालणारच नाही, मूल पाठीवर घ्यायच्या झोळीत असेल तरच जावं. आम्ही मंगळवारी गेलो होतो, शनिवार-रविवारी गर्दी असतेच, आणि डिसेंबरात नाताळचा बाजार भरतो तेव्हा तर फारच. आईसाठी मी खालच्या रबरी तळव्याचे बूट घेतले होते आणि ती माझा हात धरूनच चालत होती. लाल घरातही सगळा चढ जिन्यानंच, हे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लक्षात ठेवावं. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघायच्या आधी बघून घ्या. माझं मत मात्र बदललेलं नाही. तयारीनं जा, पण पावसात जा.

फोडणी | मंगळवार, दुपारी ३:४०

मोन्शाउला जाऊन मोहरीच्या गिरणीत गेला नाहीत? १८८२ पासूनची गिरणी आहे. आमचा तर सगळा वेळ तिथेच गेला.

नदीकाठची | मंगळवार, सायंकाळी ५:१०

गेलो तर! तेच लिहायचं राहिलं होतं. पाऊस चुकवायची दुसरी जागा तीच.

गिरणीत दगडाची जाती आहेत, लाव्हाच्या दगडाची. दार उघडलं तसा नाकात झणका गेला आणि आईच्या डोळ्यांत पाणी. तिला वास लगेच कळला. लोणच्यासाठी मोहरी फेसताना येतो तोच. पाट्यावर किंवा ताटात मोहरीची पूड थोडं थोडं पाणी घालून फेसायची, पांढरट फेस यायला लागला आणि नाकात चढलं की झाली. तिथल्या माणसानं सांगितलं की दळताना दगड तापू द्यायचे नाहीत, म्हणून सावकाश दळतात. आई म्हणाली, "आमी बी गरम पानी घालत न्हाई, घातलं की मव्हरी मरती." मी ते भाषांतर करून सांगितलं, तर तो माणूस एकदम खूष झाला आणि तिला वेगवेगळ्या चवी चाखायला दिल्या. मध घातलेली, मिरी घातलेली, बिअर घातलेली. तिला साधी, काही न घातलेली आवडली. करड्या दगडी बरणीतली एक म्हसवडला गेलीय.

फोडणी | मंगळवार, सायंकाळी ५:३०

मव्हरी मरती, अगदी बरोबर! मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकावर काम करतं आणि मग तो तिखट वाफेसारखा पदार्थ बनतो. उष्णतेनं ते विकरच निकामी होतं. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, नाकात जात नाही. फेसलेली जाते. आपल्या बायकांना हे शेकडो वर्षं हातानं माहीत आहे.

त्या जर्मन मोहरीत गूळ आणि मीठ घालून काकडीच्या कोशिंबिरीला लावून बघा. आमच्याकडे आता तीच होते.

वाशिष्ठी | मंगळवार, रात्री ९:२०

मी चिपळूणची. धागा सकाळपासून दोनदा वाचला. लिहू की नको असं चाललं होतं.

नदीला खेटून घरं, नदीचा आवाज गावभर, हे वाचताना छातीत धडधडतं. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं. पहाटे बाजारपेठेत, सकाळी घरात. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो, खाली वडिलांचं कापडाचं दुकान. पाणी उतरल्यावर तागेच्या तागे चिखलात. कापड धुऊन विकता येत नाही, चिखलाचा वास जातच नाही. त्या आठवड्यात टीव्हीवर जर्मनीचेही पूर दाखवत होते. तेव्हा वाटलं होतं, ही किती लांबची गोष्ट. त्यात मोन्शाउ होतं का?

नदीकाठची | मंगळवार, रात्री १०:००

होतं. १४ जुलैला, तुमच्या आठच दिवस आधी. ओढा आणि रूर दोन्ही चढले आणि गल्ल्यांतून पाणी वाहिलं. त्याच पावसात जवळच्या आर नदीच्या खोऱ्यात सव्वाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या रूरमोंडलाही मास चढली होती, नदीजवळच्या वस्त्या रिकाम्या करायला लावल्या होत्या. आम्ही दोन रात्री मैत्रिणीकडे काढल्या. घरात पाणी आलं नाही, पण तुम्ही लिहिलेली ती धडधड मला ठाऊक आहे.

मी पाऊस-पाऊस म्हणून इतकं कौतुकानं लिहिलं, त्यात हे यायला हवं होतं. लाल घराचं तळघर बघताना माझ्या मनात तेच आलं होतं. ज्या पाण्यानं घर उभं केलं तेच एका रात्रीत तळघरातून वर येऊ शकतं. लिहिताना राहून गेलं. तुम्ही लिहिलंत, बरं झालं. दुकान पुन्हा सुरू झालं का?

वाशिष्ठी | मंगळवार, रात्री १०:१५

झालं. वडील म्हणाले, आता माल वरच्या मजल्यावर ठेवायचा, खाली फक्त नमुने.

सायकलवारी | बुधवार, सकाळी ६:५५

पुढच्या वेळी सायकली न्या. मोन्शाउच्या वरून फेनबान जाते. जुन्या रेल्वेचा मार्ग, आता सायकलींसाठी, आखेनपासून लक्झेम्बर्गमधल्या त्रोआव्हिएर्झपर्यंत १२५ किलोमीटर. चढ अगदी हलका, मुलांनाही जमतो.

गंमत अशी की पहिल्या महायुद्धानंतर हा रुळांचा पट्टा बेल्जियमला दिला आणि काही ठिकाणी दोन्ही बाजूंची जमीन जर्मनीचीच राहिली. रूळ गेले तरी सीमा तशीच. त्यामुळे पट्ट्याच्या पलीकडे जर्मनीची बेटं तयार झालीत, चहूबाजूंनी बेल्जियम. त्यातलं एक, रुकश्लाग, म्हणजे एक घर आणि त्याची बाग, बस्स. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या हद्दीवर राहणाऱ्यांना शेताचा बांध एका जिल्ह्यात आणि विहीर दुसऱ्या जिल्ह्यात हे नवीन नाही, पण इथे देशच बदलतो.

आणि होफेन गावात जरूर जा. तिथल्या घरांना पश्चिमेकडून बीच झाडांच्या कुंपणांची भिंत असते, छपरापर्यंत उंच. खिडकीपुरती कापून चौकट ठेवतात. सगळं वारा आणि पाऊस अडवायला. कोकणात पावसाळ्याआधी घराला झापं लावतात ना, तसंच, फक्त हे झाप जिवंत.

चाकावरचं घर | बुधवार, दुपारी १२:३०

मग नदीचं मूळ सापडलं का? आईंच्या प्रश्नाचं काय झालं?

नदीकाठची | बुधवार, रात्री ९:००

दुसऱ्या दिवशी वर गेलो, बोत्रांजला. बेल्जियमचा सगळ्यात उंच बिंदू, ६९४ मीटर. तिथे १९२३ साली मातीचा ढिगारा करून पायऱ्या बांधल्यात, वर चढलं की ७०० भरतात. लेक पळत चढली.

पाऊस थांबला होता, पण धुकं इतकं की वीस पावलांपुढचं दिसत नव्हतं. दलदलीवरून फळ्यांची वाट जाते, त्यावरून चाललो. खाली शेवाळ, पिवळं गवत, मधे मधे काळं पाणी. मला वाटलं होतं, एखादा झरा असेल, दगडी कुंड नसलं तरी एखादी पाटी, इथे नदी सुरू होते असं सांगणारी. फळीवर वाकून आईनं शेवाळावर तळवा दाबला. बोटांच्या मधून पाणी वर आलं. हात उचलला, शेवाळ परत फुगलं, पाणी नाहीसं. तिनं पुन्हा दाबलं. चार-पाच वेळा.

"हितं उगम न्हाई," ती म्हणाली. "सगळी जिमीनच वल्ली हाय. हे सगळंच मूळ."

त्या पठारावर वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. अटलांटिकवरून आलेल्या ढगांना वाटेत लागणारी पहिली उंची हीच. चिपळूणच्या मानानं काहीच नाही, पण ते पाणी वाहून जात नाही, शेवाळ धरून ठेवतं आणि बारा महिने थोडं थोडं सोडतं. पुलावर उभी राहून आई जे बघत होती ते एवढं पाणी नव्हतंच, ते रोज येणारं पाणी होतं. माणगंगेला पूर येतो, पण पाणी राहत नाही. हे मला तिनं हात दाबलेला बघेपर्यंत उमगलं नव्हतं.

रंगखातं | बुधवार, रात्री १०:३५

उशीर झाला, माफ करा. खळीचं लिहितो.

युरोपात लोकरीच्या ताण्याला जनावरांच्या कातड्याची, हाडांची उकळून काढलेली सरस लावायची जुनी रीत आहे. सुती ताण्याला पिठाची कांजी, लोकरीला सरस. काम तेच, धाग्यावरचे केस बसवायचे आणि मागाच्या ओढीला धागा टिकवायचा. विणून झालं की मऊ पाण्यात धुऊन काढायची. आईंना सांगा, प्रश्न फार मार्मिक आहे. आमच्याकडे नवीन मुलं येतात ती सुद्धा हे विचारत नाहीत. चिंचोक्याची पूड आमच्या धंद्यातही छपाईचा रंग घट्ट करायला वापरतात.

नदीकाठची | गुरुवार, सकाळी ७:३०

आई गेल्या आठवड्यात परत गेली, म्हसवडला भावाकडे आहे. काल फोनवर तुमचं उत्तर वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हाडाची? मग वास मारत असंल. त्यापरीस आपला चिंचोका बरा." आणि विचारलं, आज नदीला पाणी किती आहे.